एसएसडी बसवली, विंडोज पुन्हा टाकली, तरी महिन्याभरात परत 'नो बूटेबल डिव्हाइस'

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क, बसवली. सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप पंधरा-वीस सेकंदांत उभा राहायला लागला. घरात सगळे खूश. मग तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी काळी स्क्रीन आणि त्यावर पांढरी ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे जिथून सुरू व्हायचं ती डिस्कच लॅपटॉपला सापडत नाही. दुकानात नेला, विंडोज पुन्हा टाकून मिळाली, लॅपटॉप चालू. महिन्याने परत तेच. तिसऱ्या वेळी सांगतात की एसएसडीच खराब निघाली, नवीन घ्या. आणि नव्या एसएसडीवरही काही दिवसांनी तीच ओळ येते.

नाशिकमधल्या सिडको, सातपूर, नाशिक रोड, पंचवटी अशा सगळीकडून ओळखीच्यांचे लॅपटॉप माझ्याकडे येतात, आणि त्यांत ही तक्रार सतत असते. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी, शिकवण्या घेणाऱ्या बाई, पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार, सगळ्यांकडे २०१२ ते २०१७ च्या काळातले लॅपटॉप आणि सगळ्यांना हाच अनुभव. दर वेळी विंडोज टाकताना डेस्कटॉपवरचे प्रोजेक्ट, मुलांचे फोटो, हिशेबाच्या फायली पुसल्या जातात. पैसे जातात ते वेगळेच. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी मुख्य गोष्ट. विंडोज पुन्हा टाकल्यावर लॅपटॉप सुरू होतो, यावरून विंडोज बिघडली होती असं ठरत नाही. ते काम करताना माणूस मागचं झाकण उघडतो, केबल दाबून बसवतो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन दोन-तीन पर्याय बदलतो, लॅपटॉप पूर्ण बंद करून परत चालू करतो. खरा दोष असतो त्या जागेला या गडबडीत कुणाचा तरी हात लागून जातो आणि तो तात्पुरता झाकला जातो. श्रेय मात्र विंडोजला मिळतं. असा पुन्हा पुन्हा येणारा दोष पकडायचा तर लॅपटॉप बंद पडलेल्या अवस्थेतच तपासावा लागतो.

बंद पडलेला असतानाच बायोस बघा

ती ओळ दिसली की लगेच बटण दाबून रीस्टार्ट करत बसू नका. सुरू होताना बायोसमध्ये जा. डेल, एसर, आसुस यांत बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ२ किंवा बाजूला टाचणीने दाबायचं छोटं नोव्हो बटण. आत गेल्यावर काहीही बदलायचं नाही. फक्त दोन गोष्टी बघायच्या आणि मोबाइलवर फोटो काढायचे: एसएसडीचं नाव यादीत आहे का, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का.

या दोन फोटोंवर पुढचं सगळं अवलंबून आहे. एसएसडीचं नाव दिसत असेल तर ती जिवंत आहे, जोडलेली आहे, आणि प्रश्न सेटिंगचा किंवा विंडोज सुरू करून देणाऱ्या बूट फायलींचा आहे. नाव दिसतच नसेल तर प्रश्न केबल, खाच, वीज किंवा खुद्द एसएसडीचा. दुसऱ्या प्रकारात विंडोज टाकून काहीच साधत नाही, आणि पहिल्या प्रकारात नवीन एसएसडी घेऊन. तरीही या दोन्ही गोष्टी सर्रास केल्या जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एसएसडी दिसते, तरी लॅपटॉप सुरू होत नाही

इथे पहिला संशय घड्याळाच्या सेलवर घ्यायचा. मदरबोर्डवर सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. काही लॅपटॉपमध्ये तो काळ्या किंवा पिवळ्या वेष्टणात गुंडाळून दोन तारांच्या छोट्या जोडणीने लावलेला असतो. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये बायोसची सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकतात. आठ-दहा वर्षांनी तो संपतो. लॅपटॉपची मुख्य बॅटरी चांगली असेल, किंवा चार्जर कायम लावलेला असेल, तर सेल संपल्याचं महिनोन् महिने कळत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप कपाटात राहतो, मुख्य बॅटरीही उतरते, आणि परत चालू केल्यावर बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलेलं असतं.

एसएसडी बसवणाऱ्याने ती मूळ सेटिंग बदललेली असतात, खरी मेख तिथे आहे. नेहमी होतं ते असं: लॅपटॉप २०१३ नंतरचा, विंडोज ८ सोबत आलेला, म्हणजे मूळ सेटिंग यूईएफआय, ही सुरू होण्याची नवी पद्धत. दुकानातला विंडोजचा पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीचा. तो यूईएफआयमध्ये सुरू होत नाही म्हणून बसवणारा सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या बूट फायली चालू देणारी सोय) बंद करतो, बूट मोड लेगसी, म्हणजे जुना, करतो, आणि विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीच्या पद्धतीने टाकतो. सगळं छान चालतं. ज्या दिवशी सेल दगा देतो त्या दिवशी बूट मोड आपोआप परत यूईएफआय होतो. त्या मोडमध्ये बायोस एसएसडीवर ईएफआयचं पार्टिशन (बूट फायलींचा वेगळा कप्पा) शोधतं, एमबीआर पद्धतीत ते नसतंच, आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी ओळ येते. एसएसडीवरची एकही फाइल हललेली नसते.

खूण अगदी सोपी आहे. घड्याळ मागे गेलेलं असतं. कधी २०१२, कधी २०१५, त्या मॉडेलच्या बायोसची जी आरंभ तारीख असेल ती. कसाबसा लॅपटॉप सुरू झाला तर ब्राउझर बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' किंवा 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं सांगतो, कारण त्या तारखेला साइटची प्रमाणपत्रं लागूच होत नाहीत. भाचीने मागे फोनवर सांगितलं होतं, "मामा, लॅपटॉप नीट चालू आहे, पण परीक्षेचा फॉर्मच उघडत नाही." तिला लगेच कोपऱ्यातली तारीख वाचायला लावली. दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच.

उपाय दोन टप्प्यांत. सेल बदला. तो पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. महात्मा गांधी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरच्या बाजूला काँप्युटरच्या दुकानात मिळेल, सुटा सेल तर घड्याळवाल्याकडेही. तारांचा सेल असेल तर जुना काढून सोबत न्या, कारण जोडणीचे आकार वेगवेगळे असतात. काही नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, मुख्य बॅटरीच ते काम करते. तिथे बॅटरी मेली की हाच त्रास सुरू होतो.

दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा आणि तोच कुणी करत नाही: सेटिंग उडाली तरी लॅपटॉप सुरू व्हावा अशी एसएसडीची मांडणी करा. लॅपटॉप नीट चालू असताना बायोसमध्ये जा, प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग 'लोड सेटअप डिफॉल्ट्स' निवडा, बूट मोड आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) कोणता होतो ते बघून घ्या, आणि सेव्ह न करता बाहेर या. मूळ मोड यूईएफआय असेल आणि तुमची विंडोज एमबीआरवर असेल, तर विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआरटूजीपीटी' नावाचं साधन आतच येतं. ते फायली न पुसता डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या मांडणीची, करतं. आधी त्याचा 'व्हॅलिडेट' पर्याय चालवा. त्यात त्रुटी दाखवली तर पुढे जाऊ नका. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. बॅकअप मात्र घ्याच, साधन कितीही भरवशाचं असलं तरी. रूपांतर झालं की बूट मोड यूईएफआय करा. यानंतर सेल संपला तरी फार तर घड्याळ चुकेल, लॅपटॉप सुरू होईल.

साटा मोडची गोष्टही अशीच, फक्त लक्षण वेगळं. तिथे काळी स्क्रीन न येता निळी स्क्रीन येते आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेलं असतं. मूळ सेटिंग इंटेलच्या रेड किंवा आरएसटी मोडची, बसवणाऱ्याने केली एएचसीआय, आणि सेल गेल्यावर ती पुन्हा रेडवर आली. विंडोजने सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर एएचसीआयचा धरून ठेवलेला असतो, म्हणून ती अडते. बायोसमध्ये मोड परत एएचसीआय केला की जागच्या जागी सुरू होते. मोड कायमचा बदलायचा असेल तर आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून सेफ बूटवर खूण करायची, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज सुरू होऊ द्यायची म्हणजे ती योग्य ड्रायव्हर उचलते, मग खूण काढायची. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते थांबवा आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ती ४८ आकडी की हाताशी नसेल आणि लॅपटॉपने मागितली, तर साध्या सेटिंगच्या बदलात आख्खा डेटा अडकतो.

तारीख बरोबर आहे, मोड बरोबर आहे, एसएसडी दिसते आहे, तरी बूट नाही? मग डीव्हीडीच्या जागी बघा. पुष्कळ जण जुनी हार्ड डिस्क फेकवत नाही म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, घालून तिथे बसवतात. चांगली सोय आहे. पण एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच असेल, तर विंडोजची स्थापना बूटच्या फायली बऱ्याचदा त्या जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या सिस्टिम पार्टिशनमध्येच ठेवते. विंडोज एसएसडीवर आणि तिचा दरवाजा जुन्या डिस्कवर. जुनी डिस्क कधी तरी उशिरा जागी झाली, कॅडी सैल झाली, की दरवाजाच सापडत नाही. म्हणून हा दोष कधी येतो, कधी नाही.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉप चालू असताना 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि 'सिस्टिम' हा शब्द कोणत्या डिस्कवरच्या पार्टिशनखाली आहे ते वाचा. जुन्या डिस्कवर असेल तर चोर सापडला. खात्री करायची तर कॅडी बाहेर काढून लॅपटॉप सुरू करून बघा. जाणकार माणूस एसएसडीवर शंभरएक मेगाबाइटचं फॅट ३२ पार्टिशन करून 'बीसीडीबूट' आज्ञेने बूट फायली तिथे तयार करून देतो. तसा माणूस जवळ नसेल तर या एका ठिकाणी मी विंडोज पुन्हा टाकायला सांगेन, पण बॅकअप घेऊन, आणि कॅडी बाहेर काढून ठेवून.

कॅडीबद्दल आणखी एक. एसएसडी कॅडीत आणि जुनी डिस्क मूळ जागी, अशी उलटी मांडणीही दिसते, कारण तसं करायला मागचं झाकण उघडावं लागत नाही. ती बदला. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलच्या चिपसेटवर ६ गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच होते, बाकीचे ३ गिगाबिटचे, आणि डीव्हीडीला बहुधा सावकाश पोर्टच दिलेला असे. वेगाचं नुकसान सोसता येईल, पण त्या जागेवरची एसएसडी स्लीपमधून उठताना हरवण्याच्या तक्रारी मी जास्त पाहिल्या आहेत.

एसएसडी बायोसमध्येच दिसत नाही

आता दुसरी वाट. यादीत नाव नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पाचेक मिनिटं थांबा, परत चालू करा. नुसत्या रीस्टार्टने न दिसणारी एसएसडी अशा पूर्ण विश्रांतीनंतर दिसली, तर दोन शक्यता उरतात: जोडणी कच्ची आहे, किंवा एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप, अडकून बसतो आहे.

अडीच इंची एसएसडी असेल तर माझा पहिला संशय केबलवर असतो. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डवर लागत नाही, मध्ये कागदासारखी पातळ पट्टीकेबल असते. लोक हमखास विचारतात, "हीच केबल हार्ड डिस्कला सात वर्षं चालली, मग आताच कशी खराब झाली?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वेगात आहे. त्या काळच्या बऱ्याच हार्ड डिस्क ३ गिगाबिटच्या जोडणीवर बोलायच्या. नवी एसएसडी त्याच केबलवर ६ गिगाबिटची जोडणी मागते. दुमडलेली, घामटलेली, जरा चिरलेली पट्टी कमी वेगाला तग धरते, दुप्पट वेगाला चुकायला लागते. चुका वाढल्या की दोन्ही बाजू परत परत जोडणी मागतात, लॅपटॉप मिनिटभर गोठतो, आणि शेवटी एसएसडी यादीतून गायब होते.

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, एसएसडी स्वतःच त्याची नोंद ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन उतरवून घ्या. त्यात सी७ क्रमांकाची ओळ बघा, बहुतेक साटा एसएसडींमध्ये ती असते: यूडीएमए सीआरसी एरर काउंट. केबलवरून जाताना डेटा किती वेळा बिघडला त्याचा हा आकडा. तो एकदा वाढला की परत शून्यावर येत नाही, फक्त वाढतो, म्हणून आज किती आहे याला फारसा अर्थ नाही. आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. वाढला तर केबल किंवा जोडणी, एसएसडी नव्हे. एक काळजी घ्या: हे साधन मूळ आकडे षोडशमान (सोळाच्या) पद्धतीत दाखवतं, त्यामुळे अक्षरं मिसळलेला आकडा बघून घाबरायला होतं. फंक्शनच्या यादीत, प्रगत सुविधांमध्ये 'रॉ व्हॅल्यूज' दशमान करून घ्या. वरच्या बाजूला 'ट्रान्सफर मोड'मध्ये दोन आकडे असतात, आत्ताचा आणि कमाल. 'साटा ३०० | साटा ६००' असं दिसलं आणि तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट ६ गिगाबिटचा आहे याची खात्री असेल, तर जोडणी वेग कमी करून कशीबशी चालली आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, ही पुरावा सापडतो. सिस्टिमच्या नोंदींत 'स्टोरएएचसीआय' या नावाने १२९ क्रमांकाच्या नोंदी असतील, म्हणजे विंडोजने उत्तर न देणाऱ्या डिस्कला रीसेट केलं. लॅपटॉप गोठल्याची वेळ आणि या नोंदीची वेळ जुळली की विषय संपला. ४१ क्रमांकाची कर्नल पॉवरची नोंद मात्र फसवी आहे. लॅपटॉप नीट बंद न होता बंद पडला, एवढंच ती सांगते, का ते सांगत नाही.

केबल मॉडेलच्या नावाने मिळते, जुनी सोबत न्यावी. नवी येईपर्यंत जोडणीची तोंडं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडच्या दमट घरांत, संपर्काच्या पट्ट्या काळवंडतात. खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे. त्याने तात्पुरता फरक पडतोही, पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि घासून तोच जातो. मी ती पद्धत वापरत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, हवा कोरडी असते आणि स्वेटर काढतानाही ठिणगी जाणवते. तेव्हा आतल्या भागांना हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि एखाद्या मोठ्या उघड्या धातूच्या वस्तूला, पाण्याच्या लोखंडी नळाला वगैरे, हात लावून मगच कामाला बसा.

जाडीकडेही लक्ष द्या. जुन्या डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असायच्या, एसएसडी ७ मिलिमीटरची असते. उरलेल्या अडीच मिलिमीटरसाठी प्लास्टिकची चौकट लागते. ती नसेल, किंवा मूळ धातूची चौकट आणि तिचे स्क्रू बसवताना गाळले असतील, तर एसएसडी फक्त जोडणीच्या आधारावर लटकते. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप घेऊन दुचाकीवरून सातपूर ते द्वारका रोज ये-जा करणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये ती किती दिवस जागेवर राहील? चौकटीऐवजी फटीत दुमडलेला जाड कागद घालतात तोही टाळा. तो उष्णता अडवतो, आणि दाबला गेला की हलायला लागतो.

एम.२ पट्टीची, म्हणजे थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी, एसएसडी असेल तर तपासणी लवकर उरकते. शेवटचा छोटा स्क्रू आहे का? तो नसेल तर पट्टी वर उचलली जाते, गरम-थंड होताना थोडी थोडी सरकते आणि एके दिवशी संपर्क सोडते. स्क्रूऐवजी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढून स्क्रू बसवा. पट्टी नवी आहे आणि एकदाही दिसलेली नाही, तर मात्र बिघाड नसून जात चुकली आहे: खाच एकसारखी असली तरी काही जुन्या लॅपटॉपमध्ये ती फक्त साटाची असते, एनव्हीएमई ही दुसरी जात तिथे कधीच दिसणार नाही. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच खरेदी करा.

जोडणी पक्की, सी७ वाढत नाही, तरी एसएसडी हरवते, तेव्हा फर्मवेअरकडे, म्हणजे एसएसडीच्या आतल्या प्रोग्रॅमकडे, वळायचं. हा दोष काल्पनिक नाही. क्रुशलच्या एम४ या मॉडेलमध्ये एकूण ५१८४ तास चालून झाल्यावर एसएसडी उत्तर देणं थांबवायची. बंद-चालू केली की परत यायची, आणि मग तासाभराने पुन्हा तेच. कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये ०३०९ क्रमांकाचं फर्मवेअर देऊन तो दुरुस्त केला. ज्यांनी तेव्हा विंडोज टाकून पाहिली असेल त्यांना तासाभराचा आराम मिळाला असेल, बस. तुमच्या एसएसडीच्या कंपनीचं साधन उतरवून नवीन फर्मवेअर आहे का बघा. असेल तर बॅकअप घेऊन, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला ठेवून ते टाका. लॅपटॉपचं बायोसही त्याच वेळी अद्ययावत करून घ्या.

फक्त स्लीपमधून उठतानाच हरवत असेल तर वीज बचतीचा भाग तपासा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ शून्य करा, एनव्हीएमई असेल तर 'पीसीआय एक्स्प्रेस'खालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करा, 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. एसएसडीवर फास्ट स्टार्टअपने फारसा वेळ वाचत नाही, आणि नीट बंद केल्यासारखा दिसणारा लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद होत नसल्यामुळे तपासणीचा गोंधळ उडतो.

लाईट आणि मेलेली बॅटरी

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते, कारण इथे एसएसडी खरोखर मरू शकते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते आणि तो कायम चार्जरवर चालतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की एका संध्याकाळी लाईट चार-पाच वेळा जाते-येते. बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला प्रत्येक वेळी तो अचानक तोडलेला श्वास असतो. कोणती फाइल कोणत्या चिपमध्ये कुठे आहे याचा नकाशा एसएसडी आत ठेवते आणि तो सतत बदलत असतो. नकाशा लिहीत असतानाच वीज गेली तर पुढच्या वेळी एसएसडी आधी तो दुरुस्त करण्यात गुंतते आणि तोवर बायोसला उत्तर देत नाही. सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात, तेवढी वीज पुरवून ते काम पूर्ण करतात. आपल्या घरगुती एसएसडीत ते बहुधा नसतात.

अशी हरवलेली एसएसडी पुष्कळदा परत येते. लॅपटॉप चालू करून बायोसच्या स्क्रीनवर वीस मिनिटं नुसता सोडून द्या. विंडोज सुरू होत नसल्यामुळे एसएसडीला वीज मिळते पण काम मिळत नाही, आणि ती आतली दुरुस्ती पूर्ण करते. मग अर्धा मिनिट पूर्ण बंद ठेवा आणि हेच एकदा पुन्हा करा. परत आली तर पहिलं काम बॅकअप, दुसरं काम बॅटरी.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा बटणपर्याय असतो, आणि पंख्या-दिव्यांपुरता म्हणून तो साध्या मोडवरच राहिलेला असतो. साध्या मोडमध्ये लाईटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात लॅपटॉपचा चार्जर दम सोडतो. तो यूपीएस मोडवर करा.

खरंच एसएसडी गेली असेल तर

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ क्रमांकाची ओळ, म्हणजे बदलून टाकलेले खराब भाग, आठवड्यागणिक वाढत असेल, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ क्रमांकाच्या 'बॅड ब्लॉक'च्या नोंदी येत असतील, किंवा तीच एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपमध्येही हरवत असेल, तर ती बदलायलाच हवी. यूएसबी केसमध्ये घालून घेतलेली चाचणी पुरेशी मानू नका, तिथे वेग आणि वीज दोन्ही वेगळी असतात. वॉरंटी मॉडेलप्रमाणे साधारण तीन किंवा पाच वर्षांची असते. बिल जपा आणि वरचं लेबल फाडू नका. स्वस्तात मिळालेली अनोळखी एसएसडी असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू'सारख्या साधनाने ती सांगितल्याएवढी खरंच मोठी आहे का तेही तपासा.

एवढ्या जुन्या लॅपटॉपवर इतका खर्च करावा का, हेही विचारलं जातं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तरी माझं मत करावा असंच आहे. सेल, केबल, बॅटरी हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फार थोडा आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर लेखन, ऑनलाइन वर्ग, ब्राउझर हे सगळं त्यावर व्यवस्थित होतं, आणि एसएसडी पुढच्या लॅपटॉपलाही वापरता येते.

दुरुस्ती झाल्यावर घ्यायची चाचणी

दुकानातून लॅपटॉप घेताना तिथे चालू करून दाखवतात. महिन्याने उगवणारा दोष तेवढ्यात दिसणार नाही, म्हणून घरी मुद्दाम त्याला वाव द्या. संध्याकाळी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढून ठेवा. सकाळी जोडून आधी बायोसमध्ये जा. तारीख-वेळ बरोबर असेल तर सेलचं काम झालं. मग विंडोज सुरू करा, स्लीपमध्ये घालून उठवा, असं दिवसातून काही वेळा करा. झाकण बंद करून लॅपटॉप बॅगेत घालून नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा आणि परत चालू करा. कॅडी असेल तर ती काढूनही एकदा सुरू करून बघा. सी७ चा आकडा पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी लिहून ठेवा.

दुकानात देताना कागदावर एवढं लिहून चिकटवा: 'परवानगीशिवाय विंडोज टाकू नये, आधी बायोसमध्ये एसएसडी दिसते का ते बघून फोटो पाठवावा.' महात्मा गांधी रोडवरचे अनुभवी कारागीर हे वाचून नाराज होत नाहीत. त्यांचाही वेळ वाचतो, आणि गिऱ्हाइकाने आधीच काय काय तपासलं आहे ते कळतं. बंद अवस्थेतले बायोसचे फोटो, सी७ चे दोन आकडे आणि १२९ च्या नोंदींच्या वेळा त्याच कागदावर लिहिल्या, तर कारागिराला पेन ड्राइव्ह काढण्याआधी केबल काढावीशी वाटेल.